करदोडा बघणारे डॉक्टर

जळकोटच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास बावरून जायचा. तो बिचारा पायातली आग, रात्रीची तहान, डोळ्यांपुढची अंधारी असं काहीबाही सांगत असायचा आणि डॉक्टर त्याला मध्येच थांबवून म्हणायचे, "धोतर जरा सैल करा. करदोडा बघू." नव्या माणसाला वाटायचं, आपण डोळ्यांचं सांगतोय आणि ह्यांचं भलतंच काय चाललंय! पण डॉक्टरांचा चेहरा इतका गंभीर असे की मुकाट्याने धोतर सैल करण्यावाचून इलाज नसे. मग ते करदोड्यात आपली बोटं घालून बघत. एक बोट, दोन बोटं, तीन. "कधी बांधला हा? मधे गाठ सरकवली का?" एवढं विचारून झाल्यावरच त्यांचा हात नाडीकडे जायचा. पंचक्रोशीत त्यांना 'करदोड्याचे डॉक्टर' म्हणत. त्यांचं खरं आडनाव दवाखान्याच्या पाटीवर वाचूनसुद्धा पुष्कळ दिवस माझ्या ओठांवर बसलं नव्हतं.

मी तेव्हा जळकोटच्या शाळेत मास्तर होतो. निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि आमच्या भागातल्या कागदांवरून उर्दू जाऊन मराठी येत होती. डॉक्टरांच्या जिभेवरून मात्र उर्दू गेली नव्हती. ते हैद्राबादेत शिकलेले. घरात बायकोशी कानडी बोलत, रोग्याशी आमची इकडची मराठी, आणि राग आला की उर्दू. त्यामुळे दवाखान्यात शिरताना आतून "अजी हजरत" असं ऐकू आलं की बाहेर बसलेली मंडळी ओळखत, आत कुणीतरी पथ्य मोडलेलं आहे. उंच, अंगानं भरलेले, मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, तेही मनगटाला असं घट्ट बसलेलं की काढताना त्यांना हाताला तेल लावावं लागे. आवाज मोठा, पण अक्षर बारीक आणि सुरेख. मी मास्तर असल्यामुळे अक्षराकडे माझं आधी लक्ष जातं.

आमची ओळख माझ्या बायकोमुळे झाली. शांता तेव्हा बावीस वर्षांची होती, लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या चैत्रात ती सुकायला लागली. सारखी तहान, सारखं उठणं, आणि भाकरी दीड खाऊनही पोट पाठीला लागलेलं. शेजारच्या बाया म्हणाल्या, दृष्ट लागली. मी म्हणालो, उन्हाळा आहे. घागर दिवसाकाठी दोनदा भरावी लागायला लागली तेव्हा कुठे मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो, आणि दारातच मला प्रश्न पडला. आता हे गृहस्थ हिला काय विचारणार?

डॉक्टरांनी तिला समोरच्या बाकावर बसवलं. "मास्तरीणबाई, चुडा कधी भरलात?"

"संक्रांतीला," शांता म्हणाली.

"कासार कोण? आपलाच गावातला का? तो घट्ट भरतो का ढिला?"

"लई घट्ट भरतो. हात सुजला होता माझा दोन दिवस."

"आता हात वर करा."

तिनं हात वर केला आणि बांगड्या खळखळत कोपराजवळ जाऊन थांबल्या. मी त्या रोज बघत होतो. रोज त्याच हातानं मला ताट वाढलं जात होतं. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

पुढचं सगळं त्यांनी आमच्यासमोरच केलं. त्यांची ती पद्धतच होती. रोग्याच्या पाठीमागे ते काही करत नसत. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता भाजलेल्या विटेसारखं लाल. "ही झाली साखर," डॉक्टर म्हणाले. "साखर हाय एवढं ह्यानं कळतं. पण कोणती हाय हे कळत न्हाई." मग त्यांनी दुसरी नळी घेतली. त्यात कसलेसे खडे विरघळवले आणि वरून हलक्या हातानं उग्र वासाचं एक औषध सोडलं. दोन थरांच्या मध्ये एक जांभळं कडं उमटलं. दिसायला फार देखणं होतं. शांता तर हसलीसुद्धा. डॉक्टर हसले नाहीत.

"मास्तर, चुलीत सरपण नसलं की माणूस घराचे वासे काढून जाळतो. ह्यांचं शरीर तसं करायला लागलंय. हे कडं म्हणजे त्या वाशांची राख."

माझ्या आईलाही मधुमेह होता. तुळजापूरला आमचं पुजाऱ्याचं घर. आई तिथं असे. ती साठीची, अंगानं जाड, आणि सोलापुरात तीन-चार वर्षांपासून मिळू लागलेल्या गोळीवर तिचं छान चाललं होतं. मी ते डॉक्टरांना सांगितलं आणि म्हणालो की मग हिलाही तीच गोळी द्या. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. साखरेचा आजार दोन प्रकारचा असतो, म्हणाले. मला व्याख्या मागायची खोड. मी म्हणालो, "दोन प्रकार आहेत म्हणता, तर त्यांची व्याख्या सांगा. तरुणाला एक आणि म्हाताऱ्याला दुसरा, असं आहे का?"

"पुस्तकात तसंच लिहिलंय," ते म्हणाले. "पण माझ्याकडं पुस्तक येत न्हाई, माणूस येतो. वय विचारून हा आजार ओळखायचा नसतो." हे बोलताना त्यांचा आवाज जरा उतरला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

शांताला सुई सुरू झाली. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. औषधाची बाटली सोलापूरहून बसच्या कंडक्टरच्या हाती ओल्या फडक्यात गुंडाळून यायची आणि आमच्या घरात माठाखालच्या ओल्या वाळूत राहायची. काचेची पिचकारी उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासायची. पहिले आठ दिवस मी टोचली. सुई मी तिरकी घालायचो आणि ती दात आवळून भिंतीकडे बघत बसायची. नवव्या दिवशी तिनं पिचकारी माझ्या हातातून काढून घेतली. "तुमच्यापरीस मीच बरी," म्हणाली. महिना-दीड महिन्यात बांगड्या मनगटाकडे परत यायला लागल्या. डॉक्टर आम्हाला वारंवार एकच बजावत, "जेवण चुकलं तर मला विचारा. पण सुई एक दिवससुद्धा चुकवायची न्हाई."

गावातला एक आडत दुकानदार डॉक्टरांचा जुना रोगी होता. ह्याचा करदोडा पोटात इतका रुतलेला की डॉक्टरांचं एक बोटसुद्धा आत जाईना. त्यालाही नळीत वीट निघायची, पण दुसऱ्या नळीत कडं कधी उमटलं नाही. त्याला गोळ्या होत्या. शांताला सुई मिळते हे कळल्यावर तो दवाखान्यात येऊन रुसून बसला. मास्तरणीला भारीचं औषध आणि आम्हाला गोळी, हा काय न्याय? मी तेव्हा तिथंच होतो. डॉक्टरांनी त्याला जे सांगितलं तेच मला व्याख्येच्या जागी कायमचं बसलं.

"शेठ, तुमच्या विहिरीला पाणी हाय. मोट गळकी हाय तुमची. गोळी काय करते? बैलाला पराणी टोचते. बैल जोरानं ओढतो, पाणी पाटाला लागतं. मास्तरीणबाईंची विहीर कोरडी पडली. तिथं पराणी टोचून बैल मरंल, पाणी येणार न्हाई. त्यांना रोज बाहेरून घागर आणून ओतावी लागती. तुम्ही मोट सांधा. आन् मोट सांधायची म्हंजे रोज शेतापर्यंत पायी जायचं, घोड्यावर न्हाई!"

शेठनं पुढे घोडं विकलं की नाही हे मला माहीत नाही, पण पायी जाताना मात्र बरेचदा दिसायचा, कपाळाला आठ्या घालून.

त्या साली नवरात्रात मी शांताला घटस्थापनेला तुळजापूरला पोचवलं आणि शाळा असल्यामुळे परत आलो. सोबत बाटली, पिचकारी, स्पिरिट सगळं दिलं होतं. रविवारी पुन्हा गेलो, तर आईनं मला दारातच गाठलं. घरात घट बसलेले, कडक सोवळं. त्या नऊ दिवसांत देवघराशेजारच्या चुलीवर सुई उकळायची कशी, स्पिरिटची बाटली ठेवायची कुठं, हा तिच्यापुढे प्रश्न पडला होता. तिनं तो आपल्या परीनं सोडवला होता. आजार दोघींना एकच, तर नऊ दिवस सुनेनं आपलीच गोळी घ्यावी. सुईच्या कटकटीतून पोरीला तेवढीच सुटका. आणि त्याहून मोठी बातमी पुढे होती. शांताला दोन दिवसांपासून उलट्या होत होत्या. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "देवी पावली रे बाबा. सून जेवणाला तोंड लावंना."

मी काय केलं ते लिहायला आजही जड जातं. मी खूश झालो. सुईचं ऐकून मनात चुकचुकलं, नाही असं नाही. पण डॉक्टर उगाच बाऊ करत असतील, आईला गोळी चालतेच आहे, असं मीच माझ्या मनाला समजावलं. शांता आतल्या खोलीत पडून होती. मला बघून ती हसली, पण उठली नाही. खोलीत गोड वास दरवळत होता. कोपऱ्यात सीताफळांच्या दोन टोपल्या होत्या, तो त्यांचाच असणार असं मी धरून चाललो. सोमवारी सकाळी देवीच्या प्रसादाचे पेढे घेऊन मी जळकोटला उतरलो आणि शाळेत जायच्या आधी आनंदानं दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी बातमी ऐकली, "मुबारक हो" म्हणाले आणि पेढा हातात घेतला. तो तोंडाकडे नेता नेता त्यांनी विचारलं, "तिकडं सुई कोण देतंय त्यांना?"

मी म्हणालो, "सुई नाही. चार दिवस झाले, आईची गोळी..."

पेढा हातातच राहिला. "श्वास कसा चाललाय?"

"जरा मोठा वाटला. उपास आहे म्हणून..."

"तोंडाला वास येतो का? पिकून उतलेल्या सीताफळासारखा?"

"घरात सीताफळं आहेत दोन टोपल्या."

"त्यांनी खाल्लंय का एक तरी?"

"नाही. तिला काही खावंसंच वाटत नाही."

डॉक्टरांनी पेढा टेबलावर ठेवला. ते रागावले असते, उर्दूत बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते सरळ उठले. माठाखालच्या वाळूतून होत्या तेवढ्या बाटल्या काढल्या, बॅग उचलली आणि बाहेर बसलेल्या पंधरा-वीस माणसांना सांगितलं, "आज दवाखाना बंद." मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी हैद्राबादकडून येणारा शेंगांच्या पोत्यांचा एक ट्रक अडवला. नळदुर्गपर्यंत आम्ही पोत्यांवर बसून गेलो आणि तिथून यात्रेच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये उभ्यानं तुळजापूरला. सबंध वाटेत ते माझ्याशी एकच वाक्य बोलले, "मास्तर, तुम्हाला मी नीट समजावलं न्हाई."

तुळजापुरात नवरात्रातली गर्दी. त्यातून वाट काढत आम्ही घरी पोचलो. मी धावत आत जाणार तर डॉक्टर उंबऱ्याशी थांबलेले. सोवळ्यात उभ्या असलेल्या माझ्या आईला ते म्हणाले, "आई, माझी ही बॅग चामड्याची हाय. आत आणायची झाली तर तुमचं सोवळं मोडतंय. सांगा तुम्ही."

इतक्या घाईत त्यांनी हे विचारावं याचं मला तेव्हा नवल वाटलं, रागही आला. आज वाटतं, त्यांनी त्या एका वाक्यानं आईच्या हातात तिचं घर परत दिलं. आईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तिला काय कळायचं ते कळलं. "आणा, आणा," ती म्हणाली आणि स्वतः पुढे होऊन तिनं देवघराशेजारची चूल सुई उकळायला मोकळी करून दिली.

शांता हाकेला ओ देत नव्हती. डोळे अर्धे उघडे, श्वास मोठा आणि खोल, कुणी चढण चढून आल्यासारखा. डॉक्टर तिच्या तोंडाशी वाकले आणि सरळ झाले. त्यांना वासानंच कळलं होतं, तरी त्यांनी नळीत तपासून बघितलंच. या वेळचं कडं जांभळं नव्हतं, जवळजवळ काळं होतं. मग सुई, पुन्हा नळी, तासानं पुन्हा सुई. सरकारी दवाखान्यातून सलाईन आणवलं, शांताचं अंथरूण देवघरापाशी ओढलं आणि बाटली घटाच्या वरच्या खुंटीला टांगली, कारण तेवढी एकच खुंटी हाताशी होती. आई दाराशी बसून होती. ती जपही करत नव्हती. नळीतला रंग बदलला की डॉक्टर ती नळी तिला दाखवत. दुसऱ्या दिवशी सकाळी कडं फिकट झालं आणि शांतानं पाणी मागितलं. तेव्हा आईला रडू कोसळलं. "मी माझ्या वाटणीच्या गोळ्या दिल्या हो तिला," ती डॉक्टरांना म्हणाली. "माझ्या मला पुरत नव्हत्या, तरी दिल्या."

"आई, तुमची चूक न्हाई," डॉक्टर म्हणाले. "दोन न्यारे आजार, त्यांना आमच्या लोकांनी एकच नाव ठेवलं. तुम्ही नावाला फसलात. आम्हीबी फसतो."

नंतर आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. रस्त्यानं कवड्यांच्या माळा घातलेली माणसं चालली होती. मी डॉक्टरांची माफी मागायचा प्रयत्न करत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. चहाची बशी हातात धरून ते बेंबळीची गोष्ट सांगायला लागले. जळकोटच्या आधी ते बेंबळीला होते. तिथं एक शेतकरी आला, पंचेचाळीस वर्षांचा, साखर निघाली. गोळी नवीनच आली होती. "मी वय बघितलं. पंचेचाळीस म्हंजे गोळीचा. पुस्तकात तसंच होतं. दुसरी नळी काही केली न्हाई. तीन आठवड्यांत माणूस गेला. मी भेटायला गेलो तर त्याची बायको मला म्हणाली, डॉक्टरसाब, दोन महिन्यांत करदोडा तीन बोटं सैल झाला होता त्यांचा. तुम्ही इचारलंच न्हाई."

त्यांनी बशी खाली ठेवली. "शिकलेला मी. आन् निदान तिनं केलं."

तेव्हा मला त्यांच्या त्या खोडीचं मूळ कळलं. इतकी वर्षं गाव जिला हसत होतं, ती एका बाईनं दिलेली शिकवण होती. आणि मग त्यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली. शांताच्या बाबतीत त्यांची शंभर टक्के खात्री नव्हती. कधी कधी पहिल्या झटक्याला कडं उमटतं आणि पुढे माणसाला गोळी पुरते, असंही त्यांनी पाहिलं होतं. खात्री करायची तर सुई थांबवून बघायची, एवढाच उपाय. "ही परीक्षा मी कधीच घेतली नसती, मास्तर. तुमच्या आईनं मायेनं घेतली. आता कळलं पक्कं. विहीर कोरडी हाय. पुन्हा कुणी तपासायची न्हाई." जाताना त्यांनी आईकडून सीताफळं मागून घेतली, चार. वाटेत खाल्ली की नाही कोण जाणे.

त्यानंतर शांता त्यांची शिष्या झाली. निळ्या औषधाची बाटली आणि नळ्या त्यांनी तिला दिल्या. ती स्वतःची तपासणी स्वतः करी, आणि हळूहळू गावातल्या बाया तिच्याकडे यायला लागल्या. डॉक्टरांपुढे बोलायला लाजणाऱ्या बाया आमच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगत. शांता त्यांना चहा द्यायची आणि बोलता बोलता म्हणायची, "हात वर करा बरं." संशय आला की ती चिठ्ठी लिहून दवाखान्यात धाडी. डॉक्टर तिच्या चिठ्ठ्या जपून ठेवत. नवरात्रातल्या त्या उलट्या आजाराच्याच होत्या; मुलगी आम्हाला पुढे चार वर्षांनी झाली. ते नऊ महिने डॉक्टर दर आठवड्याला घरी येऊन नळी बघून जात. देवीला ही वेळ साधायला उशीर झाला, असं आई म्हणायची, पण डॉक्टरांच्या देखत कधी म्हणाली नाही.

मुलगी दोनेक वर्षांची असतानाची गोष्ट. डॉक्टर असेच एका दुपारी घरी आले होते. त्यांनाही सहा महिन्यांपूर्वी साखर निघाली होती, आणि ते स्वतःच त्यावर थट्टा करत. "पंचावन्न वय, पोट सुटलेलं, कडं न्हाई. शेठचा भाऊ झालो मी. मोट गळकी." गोळी घेत होते. गोळी म्हणावी तशी लागू पडत नव्हती, पाठीत दुखतं म्हणायचे, पण दवाखान्यातल्या खुर्चीला बोल लावायचे. शांतानं त्यांना चहा दिला. त्यांनी कप घ्यायला हात पुढे केला आणि ती तशीच थांबली.

"डॉक्टर, घड्याळ उलटं झालंय तुमचं."

त्यांनी पाहिलं. घड्याळाची तबकडी फिरून मनगटाच्या खालच्या अंगाला गेली होती.

"हात वर करा," शांता म्हणाली.

मला वाटलं ते हसण्यावारी नेतील. ते निमूट, एखाद्या रोग्यासारखे, हात वर करून बसले. जे घड्याळ काढायला तेल लागायचं ते निम्म्या हातापर्यंत घसरत आलं. मग शांता हळूच म्हणाली, "गोळीवाला माणूस इतका झडत न्हाई. तुम्हीच सांगितलंय." डॉक्टरांनी घड्याळ खाली ओढलं, चहा पूर्ण प्यायले आणि म्हणाले, "बरोबर बोलताय."

दुसऱ्या दिवशी ते सोलापूरला गेले, तिथून हैद्राबादला. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करता पुन्हा शिवलं. जिथून शरीराचं ते पाणी पाझरतं त्या स्वादुपिंडातच गाठ झाली होती. साखर हा आजार नव्हताच, ती नुसती खूण होती. परत आल्यावर मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही व्याख्या मागत होता न्हाई का? मी दोन प्रकार सांगितले. हा तिसरा. विहीरच ढासळली." मग म्हणाले, "मी माझ्या बाबतीत बेंबळीचीच चूक केली. वय बघितलं, पोट बघितलं, आन् बसलो. रोज हजार करदोडे बघणारा मी, स्वतःचा बघितला न्हाई."

मी विचारलं की आधी कळलं असतं तर काही उपयोग झाला असता का. ते म्हणाले, न्हाई. पण कळायला पायजे होतं.

शेवटचे दोन महिने ते घरीच होते. आम्ही शेवटचे भेटायला गेलो तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. ते खाटेवर होते आणि बोलायला त्रास होत होता. त्यांच्या बायकोनं आम्हाला जवळ बसवलं. मला वाटलं ते काही सांगतील, निरवानिरव करतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी हात लांब करून शांताचं मनगट धरलं. नाडी बघत असतील असं मी धरलं. ते नाडी बघत नव्हते. तिच्या नव्या चुड्यातली एक बांगडी दोन बोटांत धरून ते वर सरकवायचा प्रयत्न करत होते. ती हलेना. त्यांनी पुन्हा जोर लावला. घट्ट भरलेली बांगडी जागच्या जागी राहिली.

"हलत न्हाई," ते म्हणाले, आणि इतके समाधानानं हसले की मला ते हसणं बघवेना. त्यांनी हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा त्यांचं घड्याळ घसरत कोपरापाशी जाऊन थांबलं. ते हातातून काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं, आणि त्या दिवशीही कुणी काढलं नाही.